मखमलीमागची टाचणी

इंग्लंडच्या आठव्या हेन्रीच्या पार्लमेंटने १५४२ साली घोड्यांबद्दल एक कायदा केला. लढाईच्या कामाची दणकट जनावरं राज्यात कमी पडत होती, तेव्हा ज्यांच्याकडे पैसा आहे त्यांनी ती पाळावीत अशी सक्ती हवी होती. सरदार आणि बिशप यांना हुद्द्याप्रमाणे संख्या नेमून दिली. त्यांच्या खालच्या थरातला पैसेवाला ओळखायचा कसा? त्यासाठी कायद्याने बायकांकडे पाहिलं. जिच्या अंगावर रेशमी झगा आहे, किंवा जिच्या डोक्यावर सोन्यामोत्यांची कड लावलेलं फ्रेंच हूड नाहीतर मखमली बॉनेट आहे, तिच्या नवऱ्याने खोगिराचा एक घोडा, तोही खच्ची न केलेला, तबेल्यात बाळगलाच पाहिजे. बाईच्या डोक्यावरून नवऱ्याची ऐपत ओळखण्याचं काम आपल्याकडे शेजारीपाजारी बिनपगारी करतात. हेन्रीने ते पार्लमेंटकडे सोपवलं.

एका घोड्याच्या तोलाची ही वस्तू आज कुठेच पाहायला मिळत नाही. हेन्रीच्या दरबारातलं एकही अख्खं हूड उरलेलं नाही. त्या काळातल्या साध्या पुरुषांच्या विणलेल्या लोकरी टोप्या मात्र आहेत: काही लंडनच्या ओलसर जमिनीतून निघाल्या, काही १५४५ साली बुडालेल्या ‘मेरी रोझ’ या युद्धनौकेबरोबर वर आल्या. गरिबाची टोपी फेकून दिली गेली, चिखलात रुतली आणि टिकली. श्रीमंतिणीचं हूड कुणी फेकलंच नाही. मोती उसवून दुसऱ्या दागिन्यात गेले, सोन्याची कड वितळली, मखमल कापून उशी नाहीतर चर्चमधलं वस्त्र शिवलं गेलं. ज्या गोष्टीला किंमत असते ती जपली जाते, हा आपला समज कपड्यांच्या बाबतीत बहुतेक वेळा उलटा पडतो.

मग उरतात ती चित्रं. आणि चित्रं म्हटली की त्या काळच्या इंग्लंडात पहिलं नाव हान्स होल्बाइनचं. जर्मनीतल्या आउग्सबुर्गचा हा माणूस १५२६ ते १५२८ आणि पुन्हा १५३२पासून १५४३मध्ये मरेपर्यंत इंग्लंडात होता. विंडसरच्या राजसंग्रहात त्याची ऐंशीहून अधिक रेखाचित्रं आहेत. १७२७च्या सुमारास राणी कॅरोलाइनला ती केन्सिंग्टन राजवाड्यातल्या एका कपाटात सापडली. २०२३च्या नोव्हेंबरपासून पुढच्या एप्रिलपर्यंत बकिंगहॅम राजवाड्याशेजारच्या क्वीन्स गॅलरीत त्यांतली बरीचशी मांडली होती. गुलाबी छटा दिलेल्या कागदावर रंगीत खडू, वर पेनाची नाहीतर कुंचल्याची ठाम रेघ. लोक चेहरे पाहत होते, आणि चेहरे आहेतच तसे. माझं लक्ष मात्र कपाळाच्या वर खिळलेलं. तिथे होल्बाइन घाईत असतो. एक पट्टी नीट काढतो, दुसरी नुसती सुचवतो, आणि कापडाचं नाव लिहून मोकळा होतो. विल्यम पार या सरदाराच्या चित्रावर तर पांढरी मखमल कुठली, जांभळी कुठली, साटीन कुठलं, अशा टिपणांची गर्दीच आहे. ही टिपणं त्याने स्वतःसाठी, स्वतःच्या जर्मनमध्ये केली. पाचशे वर्षांनी शिवणकाम करणाऱ्या बायका ती भिंगातून वाचतील हे त्याच्या गावीही नसणार.

शिरोवस्त्राचा अभ्यास चित्रावरून करणाऱ्याची मोठी अडचण एकच आहे. व्यक्तिचित्र समोरून किंवा जरा तिरकं काढतात आणि शिरोवस्त्र मागून बांधतात. चित्रात दिसतो तो परिणाम. कारण डोक्यामागे असतं. समोरची कड कपाळावर उभी राहते कशी, घसरत का नाही, तिचं वजन कोण पेलतं, या प्रश्नांची उत्तरं ज्या बाजूला आहेत ती बाजू काढायचे पैसे चित्रकाराला कुणी दिलेले नसतात.

म्हणून ब्रिटिश म्युझियममधलं एक चित्र या विषयातल्या लोकांना जीव की प्राण आहे. होल्बाइनचंच आहे, १५३०च्या दशकातलं. एकाच बाईला त्याने एकाच कागदावर दोनदा काढलंय: एकदा समोरून आणि एकदा पाठमोरी. डोक्यावर गेबल हूड, म्हणजे घराच्या दोन उतरत्या पाखांसारखी कपाळावर टोक काढणारी इंग्रजी तऱ्हा. पाठमोऱ्या बाईकडे पाहिलं की एकदम खुलासा होतो: मागे काळ्या कापडाचे दोन लांब पदर आहेत, वर त्यांना जोडणारी कडक चौकोनी बैठक आहे, आणि सगळा डोलारा डोक्याच्या मागच्या गोलाईवर टेकलेला आहे. या बाईचं नाव काय, ती कोण होती, हे कागद सांगत नाही. कपड्यांचा अभ्यास करणाऱ्याला त्याची फारशी खंतही वाटत नाही.

हे चित्र हाताशी ठेवलं की व्हिएन्नातल्या जेन सीमोरकडे जाता येतं. हेन्रीची ही तिसरी राणी. होल्बाइनने १५३६-३७मध्ये रंगवलेलं तिचं चित्र कुन्स्टहिस्टोरिशेस म्युझियममध्ये आहे. केसाची एक बटही दिसत नाही. कपाळावर रेशमी पट्ट्यांची एकमेकींवर आलेली तिरकी घडी, तिच्यावर रत्नं-मोती जडवलेली पाखांची कड, कानांच्या बाजूने खाली येऊन पुन्हा वर टाचलेल्या पट्ट्या आणि मागे काळी मखमल. मखमलीचा एक पदर मोकळा, दुसरा वळवून डोक्याच्या बाजूला टाचलेला. चित्रकार एवढं दाखवतो. खालचा थर पाहायला विंडसरला परतावं लागतं. तिथल्या एका रेखाचित्रावर ‘अ‍ॅन बोलिन राणी’, म्हणजे हेन्रीची दुसरी राणी, असं नाव कुणीतरी नंतर घातलेलं आहे. ते नाव खरं की खोटं यावर विद्वानांचं भांडण चालू आहे. ते चालू दे. आपल्या कामाचं असं की या बाईने घरात घालायचा फर लावलेला सैल झगा घातलाय आणि डोक्यावर हूड नाही. आहे ती हूडच्या आत असणारी साधी टोपी, हनुवटीखालून बांधलेली. दरबारी चित्रात जे कधीच दिसायचं नाही ते या एका कागदावर उघडं पडलंय.

आता थर लावता येतात. सगळ्यात आत केस: वेण्या घालून, फितीने बांधून डोक्याला घट्ट बसवलेले. त्यावर तागाची टोपी. मग कपाळावरच्या रेशमी पट्ट्या, मग कडक पाखं, मग मखमल. आणि प्रत्येक थर खालच्या थराला धरून ठेवणारी टाचणी. टाचणीला रुतायला काहीतरी लागतं, आणि ते काम केस आणि ताग मिळून करतात. गुळगुळीत साटीनवर टाचणी टिकत नाही, तागात घट्ट बसते. मी घरी जुन्या सुती साडीचा तुकडा आणि खोक्याचा पुठ्ठा घेऊन हे करून पाहिलं; केस मोकळे असताना पुठ्ठा डोळ्यांवर आला, वेण्या गच्च बांधल्यावर जागचा हलला नाही. टाचण्यांचं महत्त्व तेव्हाच्या सरकारलाही कळलेलं होतं. १५४३मध्ये पार्लमेंटने टाचण्या कशा असाव्यात यावर कायदा केला: डोकं नीट डाख देऊन पक्कं बसवलेलं हवं, टोक घासलेलं हवं. थेम्सच्या ओहोटीत उघड्या पडणाऱ्या काठावर त्या काळच्या टाचण्या अजून मुठी भरून मिळतात. हूड एकही नाही, टाचण्या हव्या तेवढ्या.

चित्रं काळाच्या क्रमाने मांडली की आणखी एक गोष्ट कळते. हेन्रीची आई एलिझाबेथ ऑफ यॉर्क १५०३मध्ये वारली. लंडनच्या नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीत तिचं चित्र आहे. त्यात पट्ट्या छातीपर्यंत सरळ उतरलेल्या आणि काळी मखमल खांद्यांवर पसरलेली. अजून ते डोक्यावरून घेतलेलं कापडच आहे, फक्त समोर कड भरजरी. हेन्रीची पहिली राणी कॅथरीन ऑफ अ‍ॅरागॉन हिच्या वेळेपर्यंत पट्ट्या वर टाचायला सुरुवात झालेली दिसते. जेन सीमोरपर्यंत येताना पट्ट्या कानापर्यंत आखडल्या, मागचा पदर वर गेला, आणि कापडाची वस्तू झाली. रोज नव्याने बांधायच्या पागोट्याची एके दिवशी आयती डोक्यावर ठेवायची पुणेरी पगडी व्हावी, तसाच हा प्रवास. पगडीच्या घड्या आता काही बांधत नाहीत. त्या फक्त पूर्वी काहीतरी बांधलं जायचं याची आठवण आहेत. जेनच्या वर टाचलेल्या पट्ट्याही तशाच.

इथे एक ठेच लागते. एलिझाबेथचं जे चित्र मी आत्ता पुरावा म्हणून पुढे केलं, ते तिच्या हयातीतलं नाही. ते सोळाव्या शतकाच्या अखेरीस, १५००च्या सुमाराच्या मूळ चित्रावरून केलेली प्रत आहे. प्रत करणाऱ्याने असं हूड डोळ्यांनी पाहिलेलं असण्याची शक्यता कमीच. त्याला कळली ती रेघ त्याने उतरवली, न कळलेली गुळगुळीत केली. ट्यूडर राण्यांची बरीचशी प्रसिद्ध चित्रं या जातीची आहेत. दिवाणखान्यात सगळ्या राजेराण्यांची ओळ लावायची फॅशन आली तेव्हा ती ठोकभावाने तयार झाली. छापील चित्रांचा धोका आणखी वेगळा. १६४०च्या दशकात वेन्झेल होलर याने अर्ल ऑफ अरुंडेलच्या संग्रहातल्या होल्बाइनच्या चित्रांवरून तांब्याच्या पत्र्यावर कोरून छाप काढले. पत्र्यावर सरळ कोरलेलं छापताना उलटं होतं. उजवीकडे टाचलेला पदर डावीकडे जातो, आणि त्यावरून हूड शिवणाऱ्याने आरशातलं हूड शिवलेलं असतं. असल्या गोष्टींमुळे या क्षेत्रात पहिला प्रश्न ‘चित्रात काय दिसतं’ हा नसतो. ‘हे चित्र कधी, कशावरून केलं’ हा असतो.

फ्रेंच हूडच्या बाबतीत मात्र गोंधळ प्रतींनी घातला नाही. अस्सल चित्रांनीच घातला, आणि सिनेमाने त्याच्यावर कळस चढवला. पडद्यावरची अ‍ॅन बोलिन आठवा: डोक्यावर उभी चंद्रकोर, मुकुटासारखी, मोत्यांची किनार, मागे कपाळापासून चार बोटं उंच. ही चंद्रकोर आली कुठून? चित्रांकडे पाहून. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममधली मार्गारेट वायट ऊर्फ लेडी ली घ्या, किंवा १५४६च्या सुमाराची तरुण राजकन्या एलिझाबेथ, विंडसरच्या राजसंग्रहातली. पुढे केसांचा भांग, मग सोनेरी चुण्यांची कड, मग मोत्यांची एक रांग, मागे आणखी एक. या दोन रांगांच्या मध्ये आणि मागे जे आहे ते काळं किंवा गडद. समोरून पाहताना डोक्याच्या माथ्यावरून मागे जाणारं कापड आणि वर उभं राहिलेलं कापड सारखंच दिसतं. त्यात मागचा पडदा काळा आणि चित्राची पार्श्वभूमीही काळपट. दोन्ही एकमेकांत विरघळतात. डोळ्यांना उरते ती उजळ किनार, आणि तिचा मेंदू मुकुट करतो.

बाजूने पाहिलं की मुकुट नाहीसा होतो. हेन्रीची थोरली लेक मेरी राणी झाल्यावर याकोपो दा त्रेत्सो या इटालियन कारागिराने तिचं पदक ओतलं. पदकावर चेहरा बाजूने असतो, हा नाणी-पदकांचा जुना रिवाज इथे देवासारखा धावून येतो. मेरीच्या डोक्यावरचं हूड डोक्याला चिकटून मागे गेलेलं आहे, दागिन्यांची कड माथ्याच्या गोलाईवर बसलेली आहे आणि मागून कापड खांद्यावर पडलंय. अंतोनिस मोरने १५५४मध्ये रंगवलेलं, आता माद्रिदच्या प्राडोत असलेलं तिचं प्रसिद्ध चित्र या पदकाशेजारी ठेवून पाहावं; तिरक्या कोनातून जे संदिग्ध होतं ते सुटतं. आणि उगमाकडे गेलं तर फ्रान्सची राणी असलेल्या ब्रिटनीच्या अ‍ॅनच्या प्रार्थनापोथीत, जाँ बूर्दिशोँने १५०३ ते १५०८च्या दरम्यान रंगवलेल्या, हेच हूड अजून डोक्यावरून खांद्यावर घेतलेलं साधं काळं कापड आहे, कडेला सोन्याची रेघ. उभी चंद्रकोर तिथेही नाही. निन्या मिखाइला आणि जेन माल्कम-डेव्हिस यांच्या ‘द ट्यूडर टेलर’ या २००६च्या पुस्तकाने असल्या पुराव्यांवरून बेतकागद करून दिले आणि हौशी शिवणाऱ्यांच्या हातात पहिल्यांदा काहीतरी ठोस आलं. सिनेमावाल्यांना चंद्रकोर अजून आवडते. नटीचा चेहरा तिच्यात खुलतो, हे मलाही मान्य आहे.

चित्रात एकसंध दिसणारं हूड खरं तर सुटं होतं, हे चित्रावरून कधीच कळलं नसतं. ते कळलं यादीवरून. हेन्रीची पाचवी राणी कॅथरीन हॉवर्ड हिच्या दागिन्यांची यादी ब्रिटिश लायब्ररीत आहे. तिच्यात हूडच्या वरच्या कडा आणि खालच्या कडा वेगवेगळ्या नोंदल्या आहेत, मोती किती, हिरे किती या हिशेबासकट. म्हणजे कडा दागिने होत्या. आज या हूडवर, उद्या त्या हूडवर टाचायच्या. मोत्यांचा हिशेब मालकाच्या जिवाला लागलेला असतो, त्यामुळे यादी करणारा कारकून बारकाव्यात चित्रकाराला हरवतो. कापडाचा रंग कधी चुकीचा लिहील, मोती चुकवणार नाही.

हूडमध्ये राजकारण होतं, आणि त्याची साक्ष चित्रांपेक्षा पत्रं जास्त चांगली देतात. कॅलेचा इंग्रज कारभारी लॉर्ड लाइल याच्या घराण्याचा पत्रव्यवहार जप्तीमुळे सरकारी दप्तरात गेला आणि वाचला. त्यात १५३७ची एक गोष्ट आहे. लेडी लाइलची मुलगी अ‍ॅन बॅसेट जेन सीमोरच्या सेवेत दाखल झाली. आधी ती फ्रान्समध्ये वाढलेली, कपडे फ्रेंच. राणीने फर्मावलं की पोरीने फ्रेंच पोशाख सोडावा, बॉनेट घ्यावं, त्याला मोत्यांची कड हवी. घराण्याचा लंडनमधला माणूस जॉन हसी बिचारा मोती जमवत फिरला. पोरीला नव्या बॉनेटमध्ये पाहून त्याने तिच्या आईला कळवलं की हे काही फ्रेंच हूडइतकं तिला शोभत नाही, पण राणीची मर्जी. जेनच्या आधीची राणी अ‍ॅन बोलिन फ्रान्समध्ये वाढलेली होती. नव्या राणीला आपला दरबार जुन्या राणीच्या दरबारासारखा दिसायला नको होता, असा याचा अर्थ सगळे लावतात आणि मलाही तो पटतो. जेन त्याच ऑक्टोबरात बाळंतपणानंतर वारली.

पुढची राणी, क्लीव्हची अ‍ॅन, १५४०च्या जानेवारीत राजदरबारी आली तेव्हा इंग्रजांनी तिच्या डोक्यावरच्या ऱ्हाइनकाठच्या रत्नजडित टोपीकडे डोळे विस्फारून पाहिलं. ती टोपी होल्बाइनने १५३९मध्ये काढलेल्या, आता लूव्रमध्ये असलेल्या चित्रात आहे: चर्मपत्रावर, अगदी समोरून. लग्नानंतरच्या आठवड्यात ती इंग्रजी झगा आणि फ्रेंच हूड घालून बाहेर आली आणि बखरकार एडवर्ड हॉलने तिचं रूप कसं खुललं याची नोंद केली. तीनच वर्षांत फ्रेंच हूडचं पारडं पुन्हा फिरलं होतं. राजाचं मन मात्र फिरलं नाही. जुलैत लग्न रद्द झालं.

डोक्यावरच्या कापडावरून चेहऱ्याचं नाव बदलतं तेव्हा या अभ्यासाची खरी मजा येते. लंडनच्या लॅम्बेथ राजवाड्यात, कँटरबरीच्या आर्चबिशपच्या घरी, एक चित्र पिढ्यान्‌पिढ्या हेन्रीची सहावी राणी कॅथरीन पार म्हणून लटकत होतं. नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीच्या अभ्यासकांना हूड आणि झगा खटकला. पारच्या काळाला ते किमान दहा-पंधरा वर्षं जुने होते, चौकटही तशीच जुनी. तपासणी केली, क्ष-किरणांत आधीची पार्श्वभूमी दिसली, आणि २०१३मध्ये चित्र गॅलरीत हेन्रीशेजारी लागलं ते पहिली राणी, कॅथरीन ऑफ अ‍ॅरागॉन म्हणून. सहावीची पहिली झाली. अमेरिकेतल्या टोलेडोच्या संग्रहालयात होल्बाइनची एक तरुणी आहे, फ्रेंच हूडमधली, एकवीस वर्षांची. विसाव्या शतकात बराच काळ ती कॅथरीन हॉवर्ड होती. आता बहुधा क्रॉमवेल घराण्यातली कुणी, एवढंच म्हणतात.

आणि अ‍ॅन बोलिन. तिचं जे चित्र कपांवर आणि पिशव्यांवर छापून विकतात, गळ्यात ‘बी’ अक्षराचं लोलक आणि डोक्यावर मोत्यांचं फ्रेंच हूड, ते तिच्या मृत्यूनंतर काही दशकांनी केलेलं आहे. तिनेच फ्रेंच हूड इंग्लंडात आणलं, हेही खरं नाही. हेन्रीची बहीण मेरी फ्रान्सची राणी होऊन, विधवा होऊन १५१५मध्ये परतली आणि चार्ल्स ब्रँडनबरोबरच्या लग्नाच्या चित्रात तिच्या डोक्यावर ते आहे. अ‍ॅन तेव्हा फ्रान्समध्ये लहान पोर होती. अ‍ॅनच्या हयातीतली तिची निर्विवाद प्रतिमा एकच, ब्रिटिश म्युझियममधलं १५३४चं शिशाचं पदक. नाक चेपलेलं, चेहरा झिजलेला. हूड ओळखू येतं: गेबल, इंग्रजी.

दरबार सोडला की चित्रं झपाट्याने विरळ होतात. होल्बाइनची खारीला हातावर घेतलेली बाई लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे, बहुधा अ‍ॅन लव्हेल. तिच्या डोक्यावर हूडऐवजी पांढऱ्या फरची गुबगुबीत टोपी आहे. तशीच टोपी टॉमस मोरच्या घरात वाढलेल्या मार्गारेट गिग्जच्या रेखाचित्रात आहे, आणि त्या रेखाचित्रावर नाव कुणा दाईचं पडलेलं आहे. दोन्ही सुखवस्तू घरांतल्या, पण पोशाख घरगुती. त्याहून खाली जायचं तर व्यक्तिचित्रं उपयोगाची नाहीत. १५७०च्या दशकात लुकास द हीर या फ्लेमिश निर्वासिताने लंडनच्या बायका जलरंगात काढल्या, ती वही ब्रिटिश लायब्ररीत आहे. गृहस्थाची बायको, तिची मुलगी आणि बाजाराला आलेली खेडवळ बाई त्याने एका ओळीत उभ्या केल्यात. आणि हॅटफील्ड हाउसमध्ये १५७०च्या आसपासचं बर्मंडसीच्या मेजवानीचं चित्र आहे. तिथे चेहऱ्यासाठी कुणी पैसे दिलेले नाहीत, त्यामुळे माणसं हव्या त्या दिशेला तोंड करून चालतात, वळतात, बोलतात. बायकांच्या डोक्यावर मखमल कमी, पांढरं तागाचं कापड जास्त, त्यावर कुणाची टोपी. एकेक डोकं बोटाच्या पेराहून लहान आहे. कापडाची घडी कुठून कुठे जाते ते पाहायला मोठ्या ठशाचा फोटो मिळवून भिंगाखाली धरावा लागतो.